रेडिओ नंतर घ्या, आधी केबल बघा

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी हॅम रेडिओचं लायसन्स काढलं. पहिल्या पातळीला ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास. नागरिकत्वाची अट नाही. जुना ५० वॉटचा सेट घेतला, घरमालकाला विचारून छपरावर अँटेना लावला आणि दोन आठवडे रोज संध्याकाळी कॉल देत बसलो. कोणी उत्तर देईना. सेटशेजारचा मीटर तर सगळं ठीक असल्याचं सांगत होता. मग वाटायला लागलं, आपले उच्चार यांना कळत नसतील. किंवा अनोळखी माणसाशी बोलायचंच नसेल.

शेवटी छपरावर चढलो. केबल अँटेनापासून सुटून लोंबत होती.

मीटर खोटं बोलत नव्हता. त्याला खरं काय ते दिसतच नव्हतं. का, ते कळलं की केबल आणि अँटेना कसे निवडायचे हेही कळतं.

केबलमध्ये किती हरवतं?

कोॲक्सियल केबल आपल्या ओळखीची आहे. भारतात केबलवाला या गच्चीवरून त्या गच्चीवर जी काळी वायर टाकायचा, तीच जात. मधे तांब्याचा गाभा, त्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर धातूची जाळी, वर काळं आवरण. यातून जाताना सिग्नलचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. केबल जितकी लांब आणि फ्रीक्वेन्सी जितकी जास्त, तितकं नुकसान जास्त. हे नुकसान डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली, ६ गेले म्हणजे पावच उरली.

आता ३० मीटर केबल आणि १४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे नवशिक्यांचा आवडता दोन मीटरचा बँड घेऊ. आरजी-५८ ही बारीक, स्वस्त केबल सुमारे ६ डेसिबल खाते. म्हणजे ५० वॉटमधले जेमतेम १२ वर पोचतात. जाड आरजी-२१३ मधून सुमारे २६ पोचतात, एलएमआर-४०० मधून ३५. ४४० मेगाहर्ट्झवर आरजी-५८ मधून ४ वॉटच उरतात.

मीटर कसा फसतो

एसडब्ल्यूआर मीटर पाठवलेल्या शक्तीपैकी किती उलट परत आली, त्यावरून आकडा दाखवतो. १ म्हणजे काहीच परत आलं नाही. २ च्या आत असेल तर सहसा ठीक मानतात.

माझी केबल ३० मीटर आरजी-५८ होती. वरच्या टोकाला पाव शक्ती पोचली. तिथे अँटेनाच नाही, म्हणून ती सगळी उलट फिरली. परतीच्या वाटेवर तिचीही पावच उरली. मीटरला दिसला फक्त सोळावा भाग, आणि त्याने दाखवलं १.७. म्हणजे केबल जितकी वाईट, तितका अँटेना चांगला दिसतो! म्हणून मोजायचं असेल तर वर, अँटेनाच्या तोंडाशी मोजा.

ऐकण्याचं काय?

पाठवताना कमी पडलं तर शक्ती वाढवता येते. ऐकताना तशी सोय नाही. पूर्वी टीव्हीवर मुंग्या आल्या की अँटेनाला बूस्टर लावायचे, आठवतंय? तो वर, अँटेनापाशीच लावायचे. कारण दूरचा क्षीण सिग्नल केबलमध्ये हरवून रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली गेला, की खाली कितीही वाढवा, खरखरही सोबत वाढते.

पण हा नियम सगळीकडे सारखा लागू नाही. २८ मेगाहर्ट्झवर तीच आरजी-५८ ३० मीटरला सुमारे अडीच डेसिबलच खाते. शिवाय ३० मेगाहर्ट्झच्या खाली हवेतून येणारी खरखरच इतकी असते, की केबलमध्ये सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच कमी होतात आणि ऐकण्यात फारसा फरक पडत नाही. तिथे स्वस्त केबल बिनधास्त वापरा.

मग अँटेना कुठला?

दोन मीटरसाठी सुरुवातीला क्वार्टर-वेव्ह ग्राउंड प्लेन पुरतो. सुमारे ४९ सेंटिमीटरची एक उभी काडी आणि तिच्याखाली तेवढ्याच, किंचित लांब, ४५ अंशांत खाली झुकलेल्या चार काड्या. तांब्याच्या तारेतून घरी होतो. जुन्या टीव्ही अँटेनासारखा यागी एका दिशेला जास्त ताकद देतो, पण तो फिरवत बसावं लागतं.

या बँडवर उंचीला फार किंमत आहे. सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज ४ मीटर उंचीवरून सुमारे ८ किलोमीटर, तर ९ मीटरवरून १२ किलोमीटर असतं. त्यासाठी पाच मीटर चांगली केबल जास्त लागली, तर नुकसान पाव डेसिबल. खुशाल चढवा.

दूर देशी बोलायचं असेल तर दहा मीटरचा बँड बघा. पहिल्या पातळीच्या अमेरिकन लायसन्सवर २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झमध्ये आवाजाने बोलता येतं, आणि सूर्य सक्रिय असला की इथून दुसरे खंड ऐकू येतात. अँटेना म्हणजे अडीच-अडीच मीटरच्या दोन तारा, मधे केबल. लांबीचं गणित सोपं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. तार थोडी लांबच कापा. कमी करता येते, वाढवता येत नाही.

पैसे कुठे घालायचे?

आधी बँड ठरवा, मग अँटेनाची जागा, मग केबलची लांबी मोजा. त्यावरून केबल निवडा. उरलेल्या पैशात सेट घ्या, जुना चालेल. वरचा कनेक्टर आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपने नीट गुंडाळा, कारण पाणी एकदा जाळीत शिरलं की केबल आतून कुजते. अँटेना विजेच्या तारांपासून इतका लांब ठेवा की पडला तरी त्यांच्यावर पडणार नाही. वादळाच्या आधी केबल सेटपासून काढा. आणि भाड्याच्या घरात परवानगी घ्याच. अमेरिकेत टीव्हीच्या डिशला जे कायद्याचं संरक्षण आहे, ते हॅम अँटेनाला नाही.

केबल पुन्हा जोडली त्या संध्याकाळी पहिल्याच कॉलला उत्तर आलं. माझ्या उच्चारांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा कोणी उत्तर देत नसेल, तर स्वतःबद्दल काही ठरवण्याआधी एकदा वर चढून कनेक्टर बघा.