डॅशबोर्डमागचं गुऱ्हाळ

जानेवारीतली सकाळ, मिनेसोटा, बाहेर उणे २२. मावसभावाच्या तीस वर्षं जुन्या गाडीत बसलो आणि नाकात शिरला तो काकवीचा वास. आम्ही दोघेही कोल्हापूरकडचे, हा वास ओळखायला चुकणं शक्य नाही. "काय सांडलंय रे?" मी विचारलं. त्याने वाकून माझ्या पायाखालचं कार्पेट दाबलं आणि ओली झालेली बोटं एकमेकांवर चोळली. पाणी चोळलं की जिरतं. हे जिरेना, बुळबुळीत राहिलं. रंग हिरवट.

"हीटर गेला," तो म्हणाला.

मग त्याने गाडी सुरू करून गरम हवा काचेवर सोडली. एरवी अशा हवेने काचेवरचं धुकं विरतं. इथे ते वाढलं! आतून काच दुधाळ झाली, आणि पुसली तर फडक्यामागे तेलकट पट्टे उरले. गोड वास, ओलं कार्पेट आणि गरम हवेने वाढणारं धुकं, एवढ्यावर डॅशबोर्ड न उघडताच निदान झालं.

मला तोवर वाटायचं, गाडीतला हीटर म्हणजे छोटी शेगडी असणार. पेट्रोलच्या गाडीत सहसा तशी शेगडी नसते. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा एंजिन फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते, आणि तेवढीच एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन ती उष्णता वाऱ्यावर सोडून देतं. हीटर एवढंच करतो की त्या तापलेल्या पाण्याची एक धार वळवून डॅशबोर्डमागे आणतो. तिथे जाडजूड शब्दकोशाएवढा आणखी एक रेडिएटर बसवलेला असतो, तोच हीटर कोर. पंखा त्यातून हवा ढकलतो आणि आपले पाय शेकतात. म्हणजे थंडीत आपल्याला ऊब देते ती एंजिनाने फेकून दिलेली उष्णता. १९३८ साली विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा आत ओढून अशा गरम पाण्यावर तापवून देणारी गाडी आणली. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात बरीच माणसं पायाशी निखाऱ्यांची पेटी आणि अंगावर घोंगडी घेऊन प्रवास करत.

आपल्याकडे हीटरची ही बाजू घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांना बरोबर ठाऊक असते. मे महिन्यात खंबाटकी चढताना काटा लालकडे सरकला की ते खिडक्या उघडतात आणि हीटर पूर्ण सोडतात. आतली माणसं घामाने निथळतात, पण एंजिनाला दुसरा रेडिएटर मिळतो.

आता गळतीकडे. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी साधारण १५ पाउंड दाबाखाली धरून ठेवतं. घरच्या कुकरच्या शिट्टीखालीही जवळपास एवढाच दाब असतो, आणि कारणही तेच: दाब वाढला की पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल मिसळलं की उकळबिंदू आणखी वर जातो आणि गोठणबिंदू उणे ३७च्या आसपास उतरतो. एकच द्रव मिनेसोटाची रात्रही सोसतो आणि एंजिनाची भट्टीही. पण वर्षानुवर्षं तापून ग्लायकॉल आंबट होत जातं, गंज थोपवणारी द्रव्यं संपतात, आणि पातळ नळ्या, त्यांचे सांधे आतून खाल्ले जातात. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी कुकरचा दाब त्यातून बारीक फवारा उडवतो. पंखा तो थेट काचेवर नेतो.

हे ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि भयंकर विषारी. कुत्री-मांजरं जमिनीवर सांडलेलं चाटतात आणि दगावतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडतं, आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. अळू नीट शिजलं नाही की घसा खवखवतो, तोही कॅल्शियम ऑक्झॅलेटच्याच सुयांनी! हे वाचल्यापासून मला ते हिरवट पाणी निव्वळ गाडीतलं पाणी वाटत नाही. भावाने थेंबन् थेंब परातीत धरला आणि ती परात उंच फळीवर ठेवली.

पुण्यात असतो तर एखाद्या मेकॅनिकने बोनेटखालचे दोन रबरी पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बाद केला असता, अर्ध्या तासात. उणे २२ मध्ये ती सोय नाही. शिवाय त्या गाडीत कोर अशा जागी होता की डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय हात पोचेना. आधी बॅटरी सोडून थांबायचं, कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. मग कन्सोल, रेडिओ, तारांचे जुडगे. प्रत्येक स्क्रू तो अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यात ठेवत होता, उतरवल्याच्या क्रमाने. तीस वर्षांत हरवलेलं बरंच काही सापडलं: नाणी, एक केसांचा चाप, वाळलेली मेपलची पानं.

सगळ्यात नाजूक क्षण पाइप काढण्याचा. जुनं रबर धातूला चिकटून बसतं. ओढलं की नळीच वाकते. त्याने ब्लेडने रबरावर लांबट चीर दिली आणि केळ्याची साल सोलावी तसं ते उलगडलं. जुना कोर हातात आला तेव्हा मी तो उजेडात धरला. चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये कागदाहून पातळ पत्र्याच्या शेकडो घड्या. हवेला शिवायला जागा मिळावी म्हणून एवढ्याशा खोक्यात केवढा तरी पत्रा दुमडून बसवला होता. एका कोपऱ्यात हिरवट-पांढरी पूड साचली होती. भोक तिथेच होतं. डोळ्यांना काही दिसलं नाही.

नवा बसवला, डॅशबोर्ड परत चढवेस्तोवर दुसरा दिवस संध्याकाळला टेकला. मग पाणी भरून, थंड एंजिनावर झाकण उघडं ठेवूनच त्याने गाडी चालू केली. डॅशबोर्डमागे माठात पाणी ओतावं तशी बुडबुड झाली. कोर बऱ्याचदा उंचावर असतो, हवा तिथे अडकते आणि गरम पाणी पुढे सरकू देत नाही. त्याने गाडीचं नाक चढावर ठेवलं, हीटर पूर्ण उघडला आणि वाट पाहिली. बुडबुड थांबली.

"हात लाव," तो म्हणाला. कोरकडे जाणारा पाइप गरम होता, परतणारा थंडगार. मिनिटभराने तोही कोमट झाला, मग चटका बसण्याइतका. गाडीत जाऊन बसलो. काचेच्या तळाशी दोन अर्धगोल स्वच्छ झाले, हळूहळू वर पसरत एकमेकांना भिडले, आणि पलीकडे बर्फाने भरलेलं अंगण दिसायला लागलं.