खवल्या मांजराचे गोत्र

बंगळूरच्या दक्षिणेस असलेल्या आनेकल तालुक्याची लोकभाषा कन्नड आहे. त्या भाषेत अंगभर खवले असलेल्या एका निशाचर प्राण्याला ‘चिप्पु हंदी’, म्हणजे खवल्यांचे डुक्कर, असे म्हणतात. मराठी मुलखात त्याच प्राण्याचे नाव खवल्या मांजर. एका भाषेने त्याला डुक्कर ठरविले, तर दुसरीने मांजर. मग तो खरोखर कोणाचा आप्त? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही जवळजवळ अडीचशे वर्षे पुरला.

खवले पाहून काही जुन्या युरोपीय ग्रंथकारांनी त्याची गणना सरड्यांत केली होती. परंतु त्याची मादी पिलाला दूध पाजते. म्हणून तो सस्तन प्राणीच होय. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीयस याने 1758 साली आपल्या वर्गीकरणग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला सस्तन वर्गात स्थान दिले. मात्र पुढचे दात नाहीत, या खुणेवरून त्याने हत्ती, समुद्रगाय, स्लॉथ, मुंगीखाऊ आणि खवल्या मांजर यांना एकाच गणात बसविले! पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने ‘अदंत’ गण मानला. त्यात खवल्या मांजराशेजारी अमेरिकेतील कवचधारी आर्माडिलो येऊन बसला.

हे शेजार वरवरच्या साम्याचे होते. आर्माडिलोचे कवच मुख्यत्वे हाडांच्या तकटांचे असते. खवल्या मांजराचे खवले मात्र आपल्या नखांप्रमाणे केराटीन या द्रव्याचे असतात. मुंग्या व वाळवी खाणाऱ्या प्राण्यास लांब जीभ व बळकट नख्या उपयोगी पडतात, दातांची गरज उरत नाही. त्यामुळे भिन्न कुळींचे प्राणीही एकमेकांसारखे दिसू लागतात. हे ओळखून माक्स वेबर याने 1904 साली खवल्या मांजरांचा ‘फोलिडोटा’ हा स्वतंत्र गण मानला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेने या प्रश्नाचा उलगडा झाला. आज हयात असलेल्या प्राण्यांत खवल्या मांजराचा निकटचा संबंध मांसाहारी गणाशी, म्हणजे कुत्री, अस्वले व मांजरे यांच्याशी, आहे. अर्थात हे नाते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहे, आणि ते मांजराशी जितके, तितकेच कुत्र्याशीही आहे. तरीही मराठी नाव योगायोगाने सत्याच्या जवळ पोहोचले, हे खरे.

संकट येताच हा प्राणी अंगाची गुंडाळी करतो. हिंस्र पशूपुढे हा उपाय बहुधा चालतो. माणसापुढे चालत नाही. माणूस ती गुंडाळी सरळ उचलून नेतो. औषधी समजून खवल्यांचा चोरटा व्यापार चालतो. वस्तुतः त्यांत नखांहून निराळे असे काही नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याच्या शिकारीस बंदी आहे. मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही. शिवाय फोलिडोटा गणात आज हे एकच कुल शिल्लक आहे. ते नाहीसे झाले, तर सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षाची एक संपूर्ण शाखाच तुटेल.