विजेची चूल आणि घराच्या तारा

देशास लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशांतून येतो. तेथील खळबळीचा भार अखेर आपल्या घरखर्चावर पडतो. विजेच्या इंडक्शन शेगडीत उष्णता भांड्याच्या बुडातच उत्पन्न होते, म्हणून ती फारशी वाया जात नाही. मात्र बूड चुंबक धरणारे हवे. आजीची तांब्यापितळेची भांडी येथे निरुपयोगी!

ही शेगडी २००० वॅटपर्यंत वीज ओढते. जुन्या माड्यांतील तारा एवढा भार सोसतीलच असे नाही. तेव्हा प्रथम जाणत्या तारतंत्र्याकडून तारा व अर्थिंग तपासून घ्यावे, मंजूर भार पाहावा, मगच शेगडी आणावी. दुकानावरच बिऱ्हाड असणाऱ्या बंधूंनी घराचे मीटर निराळे आहे ना, याची खात्री करावी. दुकानाचा वीजदर बहुधा घरगुती दराहून चढा असतो.