सपाट जमिनीवर दिसणारी गोल पृथ्वी

विनिपेग शहरातून पश्चिमेकडे ट्रान्स-कॅनडा हायवे धरला, की खिडकीबाहेरच्या देखाव्यातून एकेक गोष्ट गळत जाते. इमारती संपतात, झाडं विरळ होतात, चढउतार नावालाही उरत नाही. खाली शेत, वर आभाळ आणि मध्ये एक सरळ रेघ. चित्रकलेच्या वहीत आपण सगळ्यांनी काढलेले दोन डोंगर, त्यांच्यामधला सूर्य, नागमोडी नदी, काठावरची झोपडी, यांतलं इथे काहीच नाही. कॅनडाच्या या प्रेअरीत चित्रकाराने काढायचं तरी काय?

युरोपीय निसर्गचित्रं पाहून घडलेल्या नजरेला ही भूमी बराच काळ चित्राजोगी वाटलीच नव्हती. सी. डब्ल्यू. जेफरीज या टोरांटोच्या चित्रकाराने 1910च्या सुमारास इथलं कोरडं गवत आणि त्यावरचं लख्ख ऊन हाच चित्राचा विषय केला, तेव्हा कुठे डोळे उघडायला सुरुवात झाली. आणि एकदा डोळे उघडले की या रिकाम्या वाटणाऱ्या देखाव्यात केवढं काय भरलेलं आहे, हे पाहून थक्क व्हायला होतं.

खरोखर सपाट जागी उभं राहिलेल्या चित्रकाराचे डोळे जमिनीपासून 1.6 मीटरवर असतील, तर त्याचं क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. तोच चित्रकार घडीच्या स्टुलावर बसला, की क्षितिज अर्ध्या किलोमीटरहून अधिक जवळ सरकतं. आता हात लांब करून करंगळी आडवी धरा, अगदी क्षितिजरेषेच्या खाली. तिच्याआड जेमतेम एक अंश झाकला जातो, पण 100 मीटरच्या पुढची, थेट क्षितिजापर्यंतची सगळी जमीन त्या एका अंशात मावते! 60 सेंटिमीटर रुंद कॅनव्हासवर 60 अंशांचा देखावा मांडला, तर या चार-साडेचार किलोमीटर जमिनीच्या वाट्याला येते फक्त एक सेंटिमीटरची पट्टी. जुलैत फुललेलं कॅनोलाचं पिवळंधमक शेत, त्यामागे जवसाची निळी फुलं, त्यामागे कोवळा हिरवा गहू, हे सगळं त्या पट्टीत बसवायचं. शेकडो मीटर पसरलेलं जवस कॅनव्हासवर एक निळा धागा होऊन येतं. ब्रश किंचित जाड लागला, तर अख्खं शेत जास्तीचं पेरलं जातं.

आभाळाचा हिशेब आणखी अचाट आहे. पांढऱ्या कापूसढगांचे तळ सपाट असतात, कारण वर चढणारी हवा एका ठरावीक उंचीवर पुरेशी थंड झाली की तिथूनच वाफेचे थेंब बनू लागतात. त्या दिवशीच्या बहुतेक ढगांचे तळ साधारण त्याच उंचीवर येतात आणि डोक्यावर जणू दुसरं पठार तयार होतं. हे तळ 1500 मीटरवर असले, तर ते 130 किलोमीटरच्याही पलीकडून दिसू शकतात. म्हणजे चित्रात जमीन जिथे संपते, त्याच्या केसभर वर टेकलेला ढग जमिनीच्या त्या कडेपेक्षा तीसपट लांब असू शकतो. प्रेअरीच्या चित्रकारांनी क्षितिज खाली सरकवून तीन चतुर्थांश कागद आभाळाला दिला, तो केवळ हौसेखातर नव्हे. सॅस्कॅचेवान प्रांताच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर जिवंत आभाळांची भूमी अशा अर्थाचं वाक्य छापलेलं असतं, ते मला अगदी रास्त वाटतं.

क्षितिजाच्या या रेघेवर उभं काय असतं? धान्याचे एलेव्हेटर. रेल्वेच्या कडेला बांधलेली ही उंच लाकडी कोठारं, बाजूला मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. घोडागाडीने धान्य घालून शेतकरी दिवसाउजेडी घरी परतू शकेल, अशा अंतरांवर ती उभी राहिली. 1930च्या दशकात प्रेअरीवर अशी साडेपाच हजारांहून अधिक होती. लंडनहून येऊन सॅस्कॅचेवानमध्ये स्थायिक झालेल्या रॉबर्ट हर्लीने जलरंगांत हेच रंगवलं: खूप खाली क्षितिज, तारांचे खांब आणि दूरवरचे एलेव्हेटर.

दूरचा एलेव्हेटर नीट पाहावा. 24 मीटर उंचीचा असला तर तो वीसेक किलोमीटरवरून दिसायला लागतो, पण आधी फक्त माथा. 15 किलोमीटरवर आलात तरी खालचे सुमारे आठ मीटर दिसत नाहीत. ते गव्हाने झाकलेले नसतात, पृथ्वीच्या गोलाईआड गेलेले असतात. बंदराकडे येणाऱ्या जहाजाची डोलकाठी आधी दिसते, तसंच हे, फक्त समुद्राऐवजी शेतात.

तीच गोलाई रस्त्यांतही आहे. 1871पासून सरकारी मोजणीदारांनी ही भूमी एकेक मैलाच्या चौकोनांत आखली आणि रस्ते त्याच रेघांवरून गेले. पण उत्तरेकडे जाणाऱ्या रेखावृत्तांमधलं अंतर घटत जातं, त्यामुळे चौकोन गोलावर नीट बसेनात. म्हणून दर 24 मैलांनी आखणी नव्याने जुळवली गेली. हायवे सोडून उत्तरेच्या मातीच्या रस्त्याला लागलं, की बाणासारखा सरळ रस्ता अशा जागी उगाचच बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. हे वळण चित्रात आलं, तर तो हाताचा दोष समजू नये.

सगळीकडे इतकं सपाट नाही, हेही खरं. विनिपेगभोवतीची जमीन अगासी या हिमयुगाच्या अखेरच्या प्रचंड सरोवराचा तळ आहे, म्हणून ती अशी. पश्चिमेला ती चढत, लाटा घेत जाते. मूस जॉ शहराच्या पुढे चॅपलिनपाशी हायवेलगत सोडियम सल्फेटचे पांढरेशुभ्र ढीग दिसतात, भर उन्हाळ्यात बर्फ पडल्यासारखे. चित्रकार डोरोथी नोल्सने सॅस्कॅचेवानमधली कुरणं आणि पाणवठे कोळशाच्या रेघांवर पातळ रंगांचे हात देऊन रंगवले. अमूर्त चित्रकलेचा जोर असताना तिने निसर्ग सोडला नाही, याचं मला मोठं कौतुक आहे.

लाकडी एलेव्हेटर आता फार थोडे उरलेत. त्यांची जागा काँक्रीटच्या अवाढव्य कोठारांनी घेतली आणि कित्येक गावांची खूण आता फक्त चित्रांत आहे. प्रेअरीचं एखादं चित्र समोर आलं, तर आभाळात रमण्याआधी दूरच्या एलेव्हेटरचा पाया शोधा. तो दिसत नसेल, तर चित्रकाराने पृथ्वी गोल काढली आहे.