हिलसाची गाभोळी : अंड्यांच्या संख्येमागचे गणित

हिलसा हा समुद्रात व खाडीमुखात वाढणारा आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्यात चढणारा मासा आहे. बंगालमध्ये तो इलिश, तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाला या नावाने ओळखला जातो. गंगेच्या हुगळी शाखेत त्याचा मुख्य विणीचा हंगाम नैऋत्य मोसमी पावसाशी निगडित असतो.

पाण्याचे तापमान, पुराचा प्रवाह व दिवसाची लांबी यांमुळे मादीच्या शरीरातील संप्रेरके कार्यान्वित होतात. यकृतात तयार होणारे पीतकद्रव्य रक्तावाटे अंडाशयात पोहोचते आणि अंडी पोसली जातात. समुद्रात साठवलेली चरबी प्रवासासाठी व अंड्यांच्या वाढीसाठी उपयोगी पडते.

आकारमानानुसार एका मादीत सुमारे १ लाख ते २० लाख अंडी आढळतात. ही संख्या काढण्यासाठी अंडाशयाचे वजन करून त्याच्या पुढील, मधल्या व मागील भागांतील छोट्या नमुन्यांतील अंडी मोजतात. उदाहरणार्थ, १ ग्रॅम नमुन्यात सरासरी ८,००० अंडी असल्यास १२० ग्रॅमच्या अंडाशयात ९ लाख ६० हजार अंडी असतात. मोठी मादी अधिक अंडी देते; म्हणून तिचे रक्षण विशेष मोलाचे ठरते.

मात्र केवळ भरलेली गाभोळी पुरेशी नाही. योग्य स्थळी पोहोचता न आल्यास अंडी शरीरातच शोषली जाऊ शकतात. पूर्वी हिलसा गंगा-यमुनेतून अलाहाबाद, आग्र्यापर्यंत चढत असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर वरच्या पात्रातील त्याची आवक जवळजवळ संपुष्टात आली. बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यिकी संशोधन संस्थेने बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस हिलसा सोडण्याचे कार्य हाती घेतले, ते याच कारणास्तव.

अंड्यांतून निघालेली पिले वाढून पुन्हा समुद्राकडे जातात. वाटेत बारीक आसाच्या जाळ्यांत ती सापडली, तर लाखो अंड्यांचे उत्पादनही व्यर्थ जाते. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यास मनाई आहे, ती यासाठीच. विस्तार कार्यकर्त्यांनी मच्छीमारांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : विणीच्या काळात गाभोळीच्या माद्यांची मासेमारी टाळावी, मोठ्या आसाची जाळी वापरावीत आणि लहान हिलसा विकत घेऊ वा विकू नये.