६१७४ चे कोडे व वजाबाकीचा सराव

हातच्याच्या वजाबाकीचा सराव बालकांस कंटाळवाणा वाटतो, आणि एकाहून अधिक वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकास प्रत्येक पाटी तपासणे कठीण जाते. या दोन्ही अडचणींत देवळाली येथील शिक्षक व गणितज्ञ कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये शोधलेले कोडे उपयोगी पडेल.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. येणाऱ्या बाकीवर पुन्हा हीच कृती करावी. बाकी तीन अंकी आल्यास प्रारंभी शून्य लिहावे. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येतेच, व पुढे तीच येत राहते.

तथापि मध्ये चूक होऊनही अखेर ६१७४ येऊ शकते. म्हणून प्रत्येक बाकीतील अंकांची बेरीज करावयास सांगावे. दोन्ही संख्यांतील अंक तेच असल्याने त्या बेरजेस ९ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. हातचा विसरल्यास तो जात नाही. अशा रीतीने मूल आपली चूक आपणच शोधू लागते, हाच या कोड्याचा खरा लाभ होय.