बझर्ड परत आला!

दोस्तांनो, आपल्याकडे घार न पाहिलेला मुलगा शोधून सापडायचा नाही. माळावर, मासळीबाजारावर, शहरातल्या कचऱ्यावर ती घिरट्या घालत असतेच. मग ब्रिटनमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारा शिकारी पक्षी कोणता, ओळखा पाहू! त्याचं नाव बझर्ड.

हा घारीपेक्षा थोडा लहान, पण अंगाने गुटगुटीत. घारीच्या शेपटीला खाच असते, याची शेपटी मात्र पंख्यासारखी गोल. रंगाचं तर काही विचारू नका! एखादा गडद तपकिरी, तर दुसरा जवळजवळ पांढरा. आवाज मांजराच्या म्याँवसारखा. स्कॉटलंडात रस्त्याकडेच्या खांबावर बसलेला बझर्ड दिसला की नवखे प्रवासी 'गरुड! गरुड!' म्हणून ओरडतात. म्हणून त्याला थट्टेनं 'पर्यटकांचा गरुड' असंच म्हणतात.

ससे आणि शेतातले उंदीर हे त्याचं आवडतं खाणं. मेलेलं जनावरही त्याला चालतं. आणि गंमत म्हणजे, नांगरलेल्या शेतात हा शिकारी चक्क कोंबडीसारखा चालत चालत गांडुळं टिपतो!

पण हा पक्षी मध्यंतरी ब्रिटनच्या बऱ्याच मोठ्या भागातून नाहीसा झाला होता, बरं का. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जमीनदारांना फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा भारी षोक. फेझंट सांभाळायला त्यांनी राखणदार ठेवले. फेझंटची पिल्लं खातो म्हणून हे राखणदार बझर्ड दिसला की गोळी घालत, सापळे लावत, विष पेरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वेल्स, पश्चिम स्कॉटलंड अशा पश्चिमेकडच्या भागांतच काय तो उरला. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, राखणदार लढाईवर गेले आणि बझर्डला जरा श्वास घेता आला.

१९५४ साली पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी पक्षीमित्रांनी देशभर हिंडून बझर्डची पाहणीही केली. एवढ्यात नवंच संकट आलं. १९५३ साली ब्रिटनमध्ये शिरलेला मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग भराभर पसरला आणि दोन-तीन वर्षांत तिथले बहुतेक ससे मेले. ससे गेले, म्हणजे बझर्डचं ताटच गेलं! १९५५ साली अनेक जोड्यांनी अंडीच घातली नाहीत. आधी पाहणी झालेली होती, म्हणून तर हा फरक लक्षात आला.

पुढे हळूहळू ससे वाढले. लोकांचं मारणंही कमी झालं. बझर्डची मादी एका वेळी दोन ते चार अंडी घालते. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत सरकत या पक्ष्यानं पुन्हा सारा देश व्यापला. कुणी पिंजऱ्यात वाढवून सोडायची गरजच पडली नाही. माणसांनी मारणं थांबवलं, एवढंच!

आता आपल्याकडे बघा. १९८० च्या सुमारास भारतात गिधाडं लाखोंनी होती. तीही 'नेहमीचीच' वाटत. १९९० नंतर ती झपाट्यानं मरू लागली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारणीभूत असल्याचं २००४ साली उघड झालं. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. बझर्डसारखी भराभर भरपाई त्याला कुठून जमणार?

म्हणून दोस्तांनो, 'नेहमीचा' पक्षी कायम नेहमीचा राहीलच असं नाही. एक वही करा. गच्चीवरून किंवा अंगणातून, दर रविवारी ठरावीक वेळी, दहा मिनिटांत एकदम जास्तीत जास्त किती घारी दिसतात ते मोजा आणि तारखेसह लिहा. वर्षभर नेमानं लिहिलंत, तर तुमच्या आभाळात घारी वाढल्या की घटल्या, हे सांगणारी नोंद तुमच्याच हातात असेल. करणार ना सुरुवात येत्या रविवारी?